डीएनएफचा ग्रुप घातला तरी पॅकेज नाही, काढला तर भलतंच गेलं: नेहमीच्या तक्रारी आणि त्यावरचे उपाय

"ग्रुप इन्स्टॉल झाला म्हणतोय, खाली कम्प्लीट पण छापून आलं, आणि सीमेक (प्रोग्रॅम बिल्ड करायचं साधन) चालवायला गेलो तर कमांड नॉट फाउंड." हा प्रश्न मशीन बदलून सारखा येत राहतो, कधी फेडोरावाला विचारतो, कधी रॉकी-अल्मावाला, आणि अजूनही कुठल्यातरी कोपऱ्यात सेंटओएस ७ चालवणारा कुणीतरी असतोच. डीएनएफ म्हणजे या लिनक्सांवर सॉफ्टवेअरची पॅकेजं घालणारा-काढणारा प्रोग्रॅम, आणि ग्रुप म्हणजे एकदम घालायच्या पॅकेजांचा गट. या प्रश्नाचे भाऊबंद पण आहेत: ग्रुप लिस्ट रिकामी येते, डेस्कटॉपचा ग्रुप काढला तर वायफाय पण गेलं, कालपर्यंत चालणारी स्क्रिप्ट आज ग्रुपइन्स्टॉल ओळखतच नाही. वरवर सगळी दुखणी वेगळी दिसतात पण मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलला इंग्रजी अक्षरांतच द्यायच्या, आणि जिथे -- दिसेल तिथे दोन डॅश.

आधी मूळ समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं कॉपी-पेस्ट होईल

डीएनएफच्या खाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम म्हणजे आरपीएम, आणि त्याला हे ग्रुप माहीतच नसतात. त्याला पॅकेज कळतं, डिपेंडन्सी (एका पॅकेजला चालायला लागणारं दुसरं पॅकेज) कळते, बस. आरपीएम -क्यूआय करून बघितलं तर तिथे "ग्रुप: अनस्पेसिफाइड" अशी ओळ दिसते आणि लोक तिच्यावरूनच गोंधळतात, पण ते पॅकेजच्या हेडरमधलं फार जुनं खातं आहे, डीएनएफच्या ग्रुपशी त्याचा काडीचा संबंध नाही. डीएनएफचा ग्रुप म्हणजे रेपोच्या (जिथून पॅकेजं उतरतात त्या साठ्याच्या) मेटाडेटात, म्हणजे साठ्याबद्दलच्या माहितीत, पडलेली एक यादी, कॉम्प्स डॉट एक्सएमएल नावाच्या फाइलमधली. ही नुसती किराण्याची यादी आहे, यादीत साखर लिहिली म्हणून डब्यात साखर येत नाही.

आता गंमत अशी की तुम्ही ग्रुप इन्स्टॉल करता तेव्हा डीएनएफ स्वतःकडे पण एक नोंद करून ठेवतो की अमुक ग्रुप या मशीनवर घातलाय आणि त्याच्याबरोबर ही ही पॅकेजं आली. डीएनएफ ४ मध्ये ही नोंद /व्हार/लिब/डीएनएफ मधल्या हिस्टरी डॉट एसक्यूलाइट मध्ये असते, डीएनएफ ५ मध्ये (फेडोरा ४१ पासून हाच चालतो) /यूएसआर/लिब/सिसइमेज/लिबडीएनएफ५ मध्ये. म्हणजे माहिती तीन ठिकाणी झाली: रेपोतली यादी, डीएनएफची नोंद, आणि आरपीएमचा डेटाबेस जिथे खरोखर काय बसलंय ते लिहिलेलं असतं. या तिघांचं एकमेकांशी जुळलंच पाहिजे असं कुणी बघत नाही. तुम्ही हाताने एखादं पॅकेज काढलं, रेपोवाल्यांनी यादी बदलली, कुणी जागा करायची म्हणून /व्हार/लिब/डीएनएफ साफ केलं, की झाली फारकत. म्हणून तक्रार कुठलीही असो, मी पहिला प्रश्न हाच विचारतो की तिघांपैकी कोण वेगळं बोलतंय.

बघायला तीन कमांड. यादीसाठी डीएनएफ ग्रुप इन्फो आणि पुढे ग्रुपचं नाव किंवा आयडी. नोंदीसाठी डीएनएफ ग्रुप लिस्ट --इन्स्टॉल्ड --हिडन, यातलं हिडन विसरू नका, का ते पुढे येईल. आणि खरं काय आहे त्यासाठी आपलं नेहमीचं आरपीएम -क्यू आणि पॅकेजचं नाव.

ग्रुप बसला पण हवं ते पॅकेज नाही

यात सगळ्यात जास्त बळी जातात. ग्रुपमधली पॅकेजं सरसकट सारखी नसतात, यादीत प्रत्येकाला एक प्रकार लावलेला असतो: मँडेटरी, डिफॉल्ट, ऑप्शनल, आणि क्वचित दिसणारा चौथा कंडिशनल, म्हणजे दुसरं एखादं ठराविक पॅकेज असेल तरच येणारा. साधं ग्रुप इन्स्टॉल केलं की मँडेटरी आणि डिफॉल्ट येतात, ऑप्शनल येत नाहीत. रॉकी किंवा अल्मा ८ वर डेव्हलपमेंट टूल्सचं ग्रुप इन्फो काढून बघा, जीसीसी, मेक, ऑटोकॉन्फ, आरपीएम-बिल्ड ही मंडळी मँडेटरीत वर बसलेली दिसतील, मग गिट, व्हॅलग्रिंड वगैरे डिफॉल्टमध्ये, आणि अगदी तळाला ऑप्शनल म्हणून सीमेक, एक्स्पेक्ट, आरपीएमडेव्हटूल्स, आरपीएमलिंट. म्हणजे सीमेक यादीत आहे, पण न मागता येणाऱ्यांत नाही. वरच्या तक्रारीचं उत्तर एवढंच.

--विथ-ऑप्शनल लावलं तर ती पण येतात. कायमचं हवं असेल तर डीएनएफ डॉट कॉन्फ मध्ये ग्रुप_पॅकेज_टाइप्स नावाची सेटिंग आहे. पण मला विचाराल तर दोन्ही करू नका, सरळ डीएनएफ इन्स्टॉल सीमेक करा आणि मोकळे व्हा. एका पॅकेजसाठी ऑप्शनलचं अख्खं शेपूट मशीनवर ओढायचं आणि मग डिस्क भरली म्हणून परत विचारत यायचं, कशाला. डिस्कवरून आठवलं, ग्रुप घातल्यावर यादीत नसलेली पॅकेजं पण बरीच येतात आणि लोक ग्रुपला दोष देतात, तर ती डिपेंडन्सी असतात किंवा रेकमेंड केलेली असतात, त्यातली रेकमेंडवाली नको असतील तर --सेटऑप्ट=इन्स्टॉल_वीक_डेप्स=फॉल्स.

दुसरा खड्डा फेडोरा आणि रेड हॅट घराण्यातल्या फरकाचा. दोन्हीकडे डेव्हलपमेंट टूल्स नावाचा ग्रुप आहे पण आत माल वेगळा आहे. रॉकी-अल्मावर त्याचा आयडी नुसता डेव्हलपमेंट, आणि त्यात कंपायलर आहेत. फेडोरावर आयडी डेव्हलपमेंट-टूल्स, आणि त्यात गिट, पॅच, डॉक्सिजन, डिफस्टॅट, सबव्हर्जन असली हत्यारं आहेत, जीसीसी-सी++ त्या यादीत नाही. जीसीसी आलाच तर दुसऱ्या कुणाच्या तरी मागून डिपेंडन्सी म्हणून येतो. फेडोरावर सी आणि सी++ साठी सी-डेव्हलपमेंट हा वेगळा ग्रुप घ्यावा लागतो. सर्व्हरसाठी लिहिलेलं ट्युटोरियल घरच्या फेडोरावर चालवलं की जी++ नॉट फाउंड येतं ते यामुळे, आणि मग माणूस तोच ग्रुप तीनदा घालत बसतो, बदलणार काय त्यात.

तिसरं कारण स्क्रीनवर लिहून आलेलं असतं पण वाचतंय कोण. इन्स्टॉल सुरू होताना "नो मॅच फॉर ग्रुप पॅकेज" आणि पुढे पॅकेजचं नाव अशा ओळी येऊन जातात. याचा अर्थ यादीत नाव आहे पण चालू असलेल्या कुठल्याच रेपोत ते पॅकेज नाही. डीएनएफ यावर थांबत नाही, जे मिळतंय ते घालतो आणि शेवटी कम्प्लीट म्हणतो. रॉकी-अल्मा ९ वर असं झालं तर पहिला संशय सीआरबी या जास्तीच्या पॅकेजांच्या रेपोवर घ्या, तो डिफॉल्ट बंद असतो. डीएनएफ कॉन्फिग-मॅनेजर --सेट-एनेबल्ड सीआरबी. ८ वर त्याचंच नाव पॉवरटूल्स होतं. आणि एक्सएफसीई सारखा डेस्कटॉप घालत असाल तर तो ग्रुपच मुळात ईपेल या वेगळ्या, जोड रेपोमधून येतो, आणि ईपेलमधल्या बऱ्याच पॅकेजांना सीआरबीतली पॅकेजं लागतात, तेव्हा दोन्ही चालू हवेत.

ग्रुप सापडतच नाही

सोपी कारणं आधी उरकतो. नावात स्पेस असेल तर अवतरण चिन्हं लावा, नाहीतर शेल डेव्हलपमेंट आणि टूल्स असे दोन वेगळे शब्द देतं आणि डीएनएफ दोन वेगळे ग्रुप शोधत बसतो. त्यापेक्षा आयडीच वापरा. आयडीत स्पेस नसते, डीएनएफ ४ मध्ये ग्रुप लिस्ट --आयडीज केलं की नावाच्या बाजूला दिसतो. आयडी वापरण्याचं अजून एक कारण आपल्या लोकांसाठी खास आहे: कॉम्प्स फाइलमध्ये ग्रुपच्या नावांची भाषांतरं असतात, त्यामुळे सिस्टीमचं लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी ठेवलं असेल तर यादीत काही नावं मराठीत दिसतात, मग ट्युटोरियलमधलं इंग्रजी नाव आणि समोरची यादी यांचा ताळमेळ लागत नाही. आयडीचं भाषांतर होत नाही. किंवा त्या एका कमांडपुरतं आधी लँग=सी लावून यादी बघा.

काही ग्रुप यादीत मुद्दाम लपवलेले असतात. कोअर, फॉन्ट्स, नेटवर्कमॅनेजर-सबमोड्यूल्स हे साध्या ग्रुप लिस्टमध्ये दिसत नाहीत, --हिडन लावलं की दिसतात. आयडी माहीत असेल तर लपलेला ग्रुप पण सरळ इन्स्टॉल होतो, परवानगीचा वगैरे काही प्रश्न नाही.

आणि एन्व्हायर्नमेंट हा वेगळा प्रकार आहे. सर्व्हर विथ जीयूआय, मिनिमल इन्स्टॉल, वर्कस्टेशन हे ग्रुप नाहीत, ग्रुपांचे ग्रुप आहेत. डीएनएफ ४ मध्ये ते ग्रुप लिस्टमध्येच वर वेगळ्या मथळ्याखाली दिसायचे, डीएनएफ ५ मध्ये त्यांच्यासाठी डीएनएफ एन्व्हायर्नमेंट लिस्ट अशी स्वतंत्र कमांड आहे, म्हणून "वर्कस्टेशन गायब झालं" अशी ओरड होते. गायब नाही झालं, शेजारच्या खोलीत गेलंय. घालताना डीएनएफ इन्स्टॉल @ आणि लगेच आयडी. सर्व्हरवर जीयूआय घातल्यावर रीबूट करून परत काळी स्क्रीन आली तर त्यात ग्रुपचा दोष नाही, सिस्टीमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल डॉट टार्गेट करायचं राहिलेलं असतं.

आता लोकल मिररचं, म्हणजे रेपोची आपल्याच सर्व्हरवर ठेवलेल्या नक्कलेचं प्रकरण, यावर जरा सविस्तर लिहितो कारण कॉलेजच्या लॅब आणि इंटरनेट नसलेल्या ऑफिसांमध्ये हेच परत परत होतं. एका लॅबमध्ये सगळी मशीनं आतल्याच सर्व्हरवरून पॅकेजं घ्यायची, एकेक पॅकेज मागितलं की मस्त येतं, अपडेट येतात, आणि ग्रुप लिस्ट केलं की एकही ग्रुप नाही. तिथल्या माणसाने क्लीन ऑल केलं, मेककॅश केलं, रेपो फाइल परत लिहिली, काही फरक नाही. फरक पडणारच नव्हता, कारण सर्व्हरवर पॅकेजं होती पण यादीच नव्हती. रेपोसिंक (रेपोची नक्कल उतरवणारी कमांड) मुळात फक्त पॅकेजांच्या आरपीएम फाइली उतरवतं. यादी हवी तर --डाउनलोडकॉम्प्स द्यावं लागतं, मग फोल्डरमध्ये कॉम्प्स डॉट एक्सएमएल येऊन पडते. तेवढ्याने पण भागत नाही, नंतर क्रिएटरेपो_सी (रेपोचा मेटाडेटा बनवणारी कमांड) चालवताना -जी कॉम्प्स डॉट एक्सएमएल असं सांगावं लागतं, तेव्हा कुठे ती मेटाडेटात शिरते. शिरली की नाही ते बघायचं तर रेपोडेटा फोल्डरमधली रेपोएमडी डॉट एक्सएमएल उघडा आणि त्यात ग्रुप टाइपची डेटा एंट्री आहे का शोधा. नसेल तर क्लायंटवर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

आणि हे परत परत का होतं? तर कुणीतरी एकदा -जी देऊन नीट करतं, सगळे खूश, आणि मग रात्री क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या यादीतली) जुनी ओळ नुसतं क्रिएटरेपो --अपडेट चालवते, त्यात -जी नसतं, जुन्या आवृत्त्या अशा वेळी ग्रुपची माहिती टाकून देतात आणि सकाळी यादी परत गायब. क्रॉनमधली ओळ दुरुस्त करा. त्याहून सोपं म्हणजे डीएनएफ रेपोसिंक --डाउनलोड-मेटाडेटा वापरा, मूळ रेपोचा मेटाडेटा जसाच्या तसा येतो, क्रिएटरेपो चालवायचीच गरज नाही, आणि रॉकी-अल्मा ८ सारख्या ठिकाणी मोड्यूलची माहिती पण टिकते, जी हाताने बनवलेल्या रेपोत हमखास हरवते. आयएसओ माउंट करून रेपो बनवत असाल तर बेसओएस आणि ॲपस्ट्रीम दोन्ही फोल्डर वेगवेगळे रेपो म्हणून द्या, एकच दिला की अर्धे ग्रुप आणि अर्धी पॅकेजं दिसत नाहीत.

स्क्रिप्ट काल चालत होती

फेडोरा ४१ पासून, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरपासून, डीएनएफ टाइप केलं की डीएनएफ ५ चालतो. त्यात ग्रुपइन्स्टॉल, ग्रुपलिस्ट, ग्रुपइन्फो हे जोडून लिहिलेले जुने प्रकार गेले. आता डीएनएफ ग्रुप इन्स्टॉल असं मध्ये स्पेस देऊनच. शिवाय ग्रुपचं लांबलचक नाव दिलं की मॅच सापडत नाही म्हणतो, आयडी द्या, विषय संपला. हिडन हा नुसता शब्द चालायचा तो आता --हिडन असाच लागतो. ग्रुप मार्क इन्स्टॉल गेलं, त्याच्या जागी ग्रुप इन्स्टॉल --नो-पॅकेजेस, आणि मार्क रिमूव्हच्या जागी ग्रुप रिमूव्ह --नो-पॅकेजेस.

कंटेनरवाल्यांना याचा फटका जास्त बसला, कारण डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बनवायचा ते सांगणारी फाइल) फेडोरा:लेटेस्ट लिहून ठेवलेलं असतं, आपण काहीच बदलत नाही आणि एके दिवशी बिल्ड फुटतं. लेटेस्टच्या जागी आवृत्तीचा आकडा लिहा आणि ओळ स्पेसवाली करून टाका, स्पेसवाली पद्धत डीएनएफ ४ ला पण चालते त्यामुळे दोन्हीकडे एकच फाइल वापरता येते. अ‍ॅन्सिबलमध्ये (अनेक मशीनं एकदम सेट करायचं साधन) तर नाव देऊच नका, @ लावून आयडी, फक्त फेडोरा आणि रॉकीचे आयडी वेगळे हे वर सांगितलंय ते लक्षात ठेवून प्लेबुकमध्ये तशी अट घाला.

अपग्रेड केलेल्या मशीनवर डीएनएफ४ ही कमांड पण पडलेली असते आणि काही लोक सवयीने ती वापरत राहतात. चालते, पण दोघांच्या नोंदी वेगळ्या ठिकाणी असतात हे वर आलंच आहे, एकाने घातलेला ग्रुप दुसऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. कुठलातरी एक धरा.

काढायला गेलो आणि नको ते गेलं

हा भाग नीट वाचा, बाकीच्यात फार तर वेळ जातो, इथे मशीन जातं.

ग्रुप रिमूव्ह केल्यावर डीएनएफ काय करतो? ग्रुपमधली अशी पॅकेजं काढतो जी दुसऱ्या कुठल्या इन्स्टॉल्ड ग्रुपमध्ये नाहीत आणि जी तुम्ही स्वतःहून मागितलेली नाहीत. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं. पण "इन्स्टॉल्ड ग्रुप" आणि "स्वतःहून मागितलेली" हे दोन्ही डीएनएफ आपल्या नोंदीतून ठरवतो, मशीनच्या खऱ्या परिस्थितीवरून नाही. नोंदच अर्धवट असेल तर त्याचं शहाणपण पण अर्धवट.

वायफायचंच बघू. नेटवर्कमॅनेजर-वायफाय हे पॅकेज नेटवर्कमॅनेजर-सबमोड्यूल्स या लपलेल्या ग्रुपमध्ये असतं आणि हा ग्रुप डेस्कटॉपच्या एन्व्हायर्नमेंटबरोबर येतो. समजा तुमच्याकडे दोन डेस्कटॉप आहेत आणि एक काढायचाय. दोन्हींची नोंद नीट असेल तर सबमोड्यूल्स दुसऱ्याला पण लागतो म्हणून राहतो. पण दुसरा डेस्कटॉप तुम्ही ग्रुपने न घालता एकेक पॅकेज करून घातला असेल, किंवा मशीन कुणाच्या तरी तयार इमेजवरून आलं असेल आणि नोंदीच नसतील, तर डीएनएफच्या लेखी सबमोड्यूल्सला वाली कुणी नाही. वर क्लीन_रिक्वायरमेंट्स_ऑन_रिमूव्ह डिफॉल्ट चालू असतं, म्हणजे ज्यांची आता कुणालाच गरज नाही अशा डिपेंडन्सी पण त्याच झटक्यात जातात.

म्हणून यस दाबायच्या आधी समोर आलेली यादी वाचा. रिमूव्हिंग खाली ग्रुपमधली पॅकेजं असतात, त्याच्या खाली रिमूव्हिंग अनयूज्ड डिपेंडन्सीज असा वेगळा मथळा असतो आणि खरा घात तिथे असतो, लांबलचक यादी असते, सगळी लिब लिब लिब नावं, आणि त्या लिबांच्या गर्दीत मधेच एखादं नेटवर्कमॅनेजर-वायफाय, एखादं ब्लूटूथचं, एखादं प्रिंटरचं. वर सरकवून नीट बघा. नुसती यादी हवी असेल तर --अझ्यूमनो लावा, तो सगळं दाखवतो आणि आपणहून नाही म्हणून बाहेर पडतो. -वाय लावून ग्रुप रिमूव्ह कधीच चालवू नका, स्क्रिप्टमध्ये तर मुळीच नाही.

जे राहायला हवं त्याला आधीच आपलं म्हणून घ्या. डीएनएफ ४ वर डीएनएफ मार्क इन्स्टॉल आणि पॅकेजचं नाव, डीएनएफ ५ वर डीएनएफ मार्क यूजर. मग ते तुम्ही स्वतः मागितलेलं धरलं जातं आणि ग्रुपबरोबर जात नाही. अख्ख्या ग्रुपची नोंदच नसेल तर वरच्या ग्रुप मार्क इन्स्टॉल किंवा --नो-पॅकेजेसने नोंद करून घ्या, पॅकेज एकही हलत नाही, फक्त डीएनएफला कळतं की हा ग्रुप इथे आहे. हे झाल्यावर परत --अझ्यूमनो चालवून बघा, यादी आखडलेली दिसेल.

सगळं उडालं असं मात्र होत नाही, डीएनएफ स्वतःला, सिस्टीमडीला आणि चालू कर्नलला हात लावू देत नाही, प्रोटेक्टेड पॅकेज म्हणून एरर देऊन थांबतो. तो एरर आला तर तो मोडून पुढे कसं जायचं हे शोधू नका, आपण काय काढायला निघालोय ते परत बघा.

आधीच गेलं असेल तर डीएनएफ हिस्टरी लिस्ट, त्यातला नंबर बघून डीएनएफ हिस्टरी इन्फो, आणि खात्री पटली की डीएनएफ हिस्टरी अनडू. फार दिवस झाले असतील तर त्याच आवृत्तीची पॅकेजं रेपोत उरलेली नसतात आणि अनडू अडतो, तेव्हा इन्फोमधली यादी समोर ठेवून हाताने डीएनएफ इन्स्टॉल करा. वायफायच गेलंय तर पॅकेजं उतरवणार कशी हा पुढचा प्रश्न, तर लॅनची केबल लावा, नाहीतर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, ते मशीनला वायरच्या नेटवर्कसारखं दिसतं आणि त्याला वायफायचं पॅकेज लागत नाही.

सेंटओएस ७ अजून चालवणाऱ्यांसाठी

३० जून २०२४ ला त्याचा सपोर्ट संपला, तेव्हा पहिला सल्ला तिथून निघा हाच. पण निघेपर्यंत काम तर करायचंय.

७ वर डीएनएफ नाही, त्याच्या आधीचा यम असतो, आणि तिथे यम ग्रुप केलं की "देअर इज नो इन्स्टॉल्ड ग्रुप्स फाइल, मेबी रन यम ग्रुप्स मार्क कन्व्हर्ट" असं येतं. घाबरू नका, तो म्हणतोय तेच करा. ७ पासून यम ग्रुपची नोंद ठेवायला लागला आणि ती फाइल अजून बनलेली नाही एवढंच. कन्व्हर्ट केलं की मशीनवरची पॅकेजं बघून तो नोंदी तयार करतो. दुसरा नेहमीचा मेसेज, ग्रुपमध्ये इन्स्टॉल करण्यासारखं पॅकेजच नाही, मेबी रन यम ग्रुप्स मार्क इन्स्टॉल. इथे नोंद आणि वस्तुस्थिती यांची फारकत झालेली असते.

यातली एक चांगली गोष्ट अशी की यम ग्रुप इन्फोमध्ये प्रत्येक पॅकेजच्या आधी एक खूण येते आणि ती वाचता आली तर अर्धं काम तिथेच होतं. = म्हणजे पॅकेज आहे आणि याच ग्रुपमुळे आलंय. + म्हणजे आत्ता नाही, पण पुढच्या अपग्रेडला येणार. - म्हणजे नाही आणि येणार पण नाही, ग्रुप घातल्यावर तुम्ही ते पॅकेज हाताने काढलंत तर त्याला ही खूण लागते. खूणच नसेल तर पॅकेज आहे पण या ग्रुपमुळे नाही, म्हणजे ग्रुप काढला तरी ते राहील. "ग्रुप पुन्हा घातला तरी तेच एक पॅकेज येत नाही" या तक्रारीत त्या नावापुढे - दिसणार हे ठरलेलं, आणि उपाय म्हणजे ते पॅकेज नाव घेऊन यम इन्स्टॉल करा, किंवा यम ग्रुप्स मार्क रिमूव्ह करून ग्रुप नव्याने घाला. उलट, साध्या यम अपग्रेडमध्ये न मागितलेलं नवीन पॅकेज येताना दिसलं तर ती + वाली मंडळी, ती नको असतील तर यम डॉट कॉन्फमध्ये अपग्रेड_ग्रुप_ऑब्जेक्ट्स_अपग्रेड बंद करता येतं.

सेंटओएस ६ कुणाकडे असेल तर तिथे ग्रुपरिमूव्ह वापरूच नका. तो नोंद वगैरे काही बघत नाही, ग्रुपमधलं सगळं काढतो आणि त्यावर अवलंबून असलेलं पण काढतो. ग्रुपरिमूव्ह_लीफ_ओन्ली सेटिंग चालू केली तर थोडा सौम्य होतो, पण डिफॉल्ट बंद असते.

आणि तो मराठीचा ग्रुप

जुन्या ट्युटोरियलमध्ये "मराठी सपोर्ट" नावाचा ग्रुप घाला असं लिहिलेलं सापडतं आणि नव्या मशीनवर तो मिळत नाही. सेंटओएस ६ च्या काळात ग्रुप लिस्टच्या खालच्या टोकाला लँग्वेज ग्रुप्स असा वेगळा भाग यायचा आणि त्यात हा असायचा, लोहितचा मराठी फॉन्ट वगैरे घेऊन. फेडोरा २४ पासून, म्हणजे २०१६ पासून, हे काम ग्रुपकडून काढून लँगपॅक्स-एमआर या साध्या पॅकेजकडे दिलंय. तेव्हा ग्रुप शोधू नका, डीएनएफ इन्स्टॉल लँगपॅक्स-एमआर करा. हे खरं पॅकेज असल्यामुळे आरपीएमला पण माहीत असतं, वर लिहिलेली कुठलीच भानगड याला लागू होत नाही. टायपिंगसाठी आयबस-एम१७एन बसलंय का तेवढं आरपीएम -क्यूने बघून घ्या, नसेल तर घाला, लॉगआउट करून परत लॉगिन करा, मग इनपुट सोर्समध्ये मराठीखाली इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि आयट्रान्स हे पर्याय दिसतात.